वाचकांचे प्रश्न : गाव ते गाव सायकलवाट

शेजारच्या गावापर्यंत सायकलने सुखरूप जाता यावे, यासाठी वाट कशी आखायची, असे विचारणारी पत्रे बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातून आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : बेळगाव ते खानापूर सायकलवाट व्हावी म्हणून आम्ही निवेदन देणार आहोत. ती महामार्गाला लागून मागावी की आतून? रुंदी किती मागावी? (वाचक, मच्छे)

उत्तर : बेळगाव-खानापूर अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. एवढे अंतर रोज सायकलने कापणारे थोडेच असतात. खरी ये-जा तुकड्यातुकड्यांनी होते : पिरनवाडी-मच्छेहून उद्यमबागेत कामाला, देसूरहून शाळेला, आजूबाजूच्या गावांतून खानापूरच्या बाजाराला. म्हणून निवेदनाआधी मोजणी करा. एक कामाचा दिवस घ्या आणि एक बाजाराचा. सकाळी ७ ते १० आणि दुपारी ४ ते ७, दर पंधरा मिनिटांची वेगळी नोंद ठेवा. सायकल कोणत्या बाजूने आली, स्वार विद्यार्थी आहे की कामगार, मागे ओझे आहे का आणि तो कोणत्या फाट्यावर वळला, एवढे लिहिले तरी पुरे. मे महिन्यात मोजू नका, शाळा बंद असतात. जुलैतही नको, पावसाने आकडा पडतो. शिवाय शाळेत विचारा, घरी सायकल असून ती का आणत नाही. कर्नाटकात २००६-०७ मध्ये आठवीच्या मुलामुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली होती, त्यामुळे सायकल नाही हे कारण सगळीकडे नसते. बहुतेक वेळा ट्रकची भीती हेच उत्तर येते, आणि निवेदनात तेच वरती आले पाहिजे.

आकडे हाती आले की दोन्ही टोकांचे पाच-सहा किलोमीटर आधी मागा, मधला भाग नंतर. सबंध वाट एकदम मागितली की अंदाजपत्रक मोठे होते आणि फाईल तशीच पडून राहते.

रुंदीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ११ या मार्गदर्शिकेचा आधार घ्या. दोन्ही दिशांची ये-जा असलेल्या वाटेला किमान ३ मीटर रुंदी हवी. मुख्य रस्ता आणि सायकलवाट यांच्यामध्ये १ मीटरची पट्टी हवी, फारच अडचण असेल तिथे ५० सेंटिमीटर. तीन मीटर जास्त वाटत असतील तर दोन्हीकडे दुधाचे कॅन लावलेली किंवा वैरणीचा भारा बांधलेली सायकल डोळ्यांपुढे आणा. ती एकटीच मीटरभर जागा घेते. दोन मीटरच्या वाटेवर अशा दोघी समोरासमोर आल्या की एकाला खाली उतरावेच लागते.

महामार्गाला लागून वाट घेतली तर हद्दीतल्या प्रत्येक जोडणीला महामार्ग प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि पेट्रोल पंप, धाबा, गॅरेज अशा प्रत्येक तोंडाशी वाट तुटते. जुन्या पाणंदीने, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेने, जाता येत असेल तर तीच चांगली. अट एकच, अंतर फार वाढू नये. दीडपट फेरा पडला की माणसे पुन्हा महामार्गावरच येतात.

प्रश्न : आमच्या दोन गावांमध्ये जुनी पाणंद आहे, पण आता तिथून बैलगाडीही जात नाही. दोन्हीकडचे बांध आत आले आहेत. भांडण न होता ती मोकळी कशी करायची? (वाचक, चिकोडी तालुका)

उत्तर : आधी कागद, मग माणसे, यंत्र सगळ्यात शेवटी. पहिल्याच दिवशी जेसीबी नेला की कोर्टकज्जा सुरू होतो आणि पुढची काही वर्षे वाट बंदच राहते.

गावचा नकाशा भूमापन खात्यातून मिळवा. त्यावर पाणंद तुटक दुहेरी रेघेने दाखवली आहे का ते पाहा. दिशांक या सरकारी ॲपवर उभ्या जागेचा सर्व्हे नंबर कळतो. त्याने अंदाज येतो, पण हद्द ठरवायला ते ॲप चालत नाही. मग लागून असलेल्या प्रत्येक सर्व्हे नंबरचा उतारा काढा आणि खराब क्षेत्राचा रकाना वाचा. ‘अ’ खराब म्हणजे पिकाला निरुपयोगी जमीन. ‘ब’ खराब म्हणजे रस्ता, पायवाट, ओढा अशा सार्वजनिक वापरासाठी राखलेली जागा. सगळे बळ या ‘ब’मध्ये असते. ती शेतकऱ्याच्या उताऱ्यावर दिसली तरी त्याच्या खासगी वहिवाटीची नसते.

हे सगळे जोडून तहसीलदारांकडे मोजणीसाठी आणि अतिक्रमण काढण्यासाठी अर्ज करा. अर्ज कन्नडमध्ये द्या आणि ग्रामपंचायतीचा ठराव सोबत जोडा. ठरावात सर्व्हे नंबर, लांबी आणि रुंदी लिहिलेली असावी. ‘पाणंद दुरुस्त करावी’ एवढ्या मोघम ठरावावर पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) पुढे काही करू शकत नाहीत. हद्दीचे दगड बसले की त्याच आठवड्यात दोन्हीकडे चर खणा, नाहीतर पुढच्या नांगरटीत दगड हलतात.

शेतकऱ्याची खरी अडचण शेतात जाण्याच्या वाटेची असते. ज्याची वाट पाणंद ओलांडते त्याला तिथे पक्की ओलांडणी करून देऊ, असे आधीच लिहून द्या. उसाची ट्रॉली तिथूनच जाणार, म्हणून तेवढ्या चार-पाच मीटरमध्ये काँक्रीट २० सेंटिमीटर जाड घ्या. बाकीच्या वाटेला एवढी जाडी लागत नाही. जिथे हे लिहून दिलेले नसते, तिथे पहिल्या हंगामातच ट्रॉली कडा मोडून आत शिरते, आणि तो राग रास्तही असतो.

प्रश्न : काळ्या जमिनीत केलेली वाट दोन पावसाळ्यांत खचते. खानापूरकडे मात्र पृष्ठभागच वाहून जातो. दोन्हीकडे एकच पद्धत चालेल का? (वाचक, निपाणी)

उत्तर : चालणार नाही. चिकोडी, रायबाग, अथणीकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट खडी टाकून रोलर फिरवला तर पहिल्या पावसात चिखल खडीच्या फटींतून वर येतो आणि खडी खाली जाते. वरचा थर कितीही चांगला असो, खालून आधार गेला की तो टिकत नाही.

काळ्या जमिनीत वरची ३० सेंटिमीटर माती काढा आणि १५-१५ सेंटिमीटरच्या दोन थरांत मुरूम भरा. प्रत्येक थराला पाणी आणि रोलर वेगळा. मुरमाचा ओलावा मुठीत तपासा : दाबल्यावर गोळा व्हावा, तळहात ओला होऊ नये आणि बोटाने दाबताच गोळ्याचे दोन तुकडे व्हावेत. गोळा चिकटून राहिला तर त्यात माती जास्त आहे, तो ट्रक परत पाठवा. मुरूम वाटेच्या दोन्ही कडांबाहेर अर्धा-अर्धा मीटर न्या, कारण भेग कडेपासूनच आत येते.

हिशेब असा : ३ मीटरची वाट आणि दोन्हीकडचा अर्धा मीटर मिळून ४ मीटर रुंदी, ३० सेंटिमीटर जाडी, १ किलोमीटर लांबी, म्हणजे दबलेला १,२०० घनमीटर मुरूम. सुटा माल साधारण सव्वापट, म्हणजे १,५०० घनमीटर, सुमारे ५३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). अंदाजपत्रकात याच्या निम्मा आकडा दिसला तर एक थर वगळला आहे, असे समजा.

वर दबलेली खडी, तिच्यावर २ सेंटिमीटरचे डांबरी कार्पेट आणि सील कोट, म्हणजे फटी बंद करणारा वरचा पातळ थर. पैसे वाचवायला सील कोट गाळतात. मग पाणी आत शिरते, बारीक खडी सुटते आणि वळणावर सायकल घसरते. काळ्या मातीवर काँक्रीटपेक्षा डांबर बरे. जमीन हलली तर डांबराला भेग पडते, ती भरता येते. काँक्रीटच्या पाट्या वरखाली होतात, त्यांना इलाज नसतो.

खानापूरकडे जांभ्याची जमीन घट्ट असते, तिथे शत्रू पाऊस. तिथे १२.५ सेंटिमीटर काँक्रीट योग्य, किलोमीटरला ३७५ घनमीटर. दर ३ मीटरवर आडवा काप घ्या, ४ सेंटिमीटर खोल, ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच. उशीर झाला तर काँक्रीट आपल्या मनाने तडकते. काप ५ मिलिमीटरपेक्षा रुंद नको, आणि थापीने गोल कड काढलेला सांधा तर मुळीच नको : प्रत्येक सांध्यावर सायकलला धक्का बसतो आणि कंटाळून माणूस बाजूच्या रस्त्यावर जातो. झाडांखाली शेवाळ धरते, म्हणून ओल्या काँक्रीटवर झाडूने आडव्या रेघा ओढून घ्या. पेव्हर ब्लॉक इथे टाळा. त्यांच्याखालची वाळू पावसाने कडेने निघून जाते.

पाण्याला वाट दिली नाही तर दोन्हीकडची मेहनत वाया जाते. वाटेला एकाच बाजूला उतार द्या, मीटरला अडीच सेंटिमीटर, आणि चर खालच्या अंगाला. ओढ्यावर ६०० मिलिमीटरची नळी स्वस्त पडते, पण पाचट आणि गाळाने तुंबते आणि आत माणूस शिरून ती साफ करू शकत नाही. १,००० मिलिमीटरची घ्या. चरावर लोखंडी जाळी असेल तर गज सायकलच्या दिशेला आडवे हवेत. उभ्या गजांत पुढचे चाक अडकून झालेले अपघात फार वाईट असतात.

प्रश्न : चढ किती चालतो? (वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : ३० मीटरला १ मीटर चढ ९० मीटर लांबीपर्यंत, ४० ला १ हा १६० मीटरपर्यंत, ५० ला १ हा २५० मीटरपर्यंत. पारदर्शक नळी पाण्याने भरून तिची दोन टोके वाटेवर दहा मीटर अंतरावर धरली, आणि दोन्हीकडे पाण्याच्या पातळीपासून जमिनीपर्यंत मोजले, तर फरक ३३ सेंटिमीटरपर्यंत हवा. जास्त आला तर वाट वळवून घ्या. चढ जितका तीव्र तितके वळण मोठे : एरवी १० मीटर त्रिज्या पुरते, ४० ला १ पेक्षा जास्त चढावर १५ मीटर.

प्रश्न : वाट झाल्यावर मोटारसायकली शिरतील, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर उभे राहतील. खांब रोवले तर? (वाचक, संकेश्वर)

उत्तर : खांब जीप आणि ट्रॅक्टर अडवतात, मोटारसायकल अडवत नाहीत. ती अडेल एवढी फट ठेवली तर कॅन लावलेली सायकल आणि अपंगांची तीनचाकीही अडते. दीड मीटर अंतर ठेवा, खांबाला पिवळा-काळा रंग आणि चमकती पट्टी लावा. बाकीचे काम आखणीने होते. मोटारसायकलवाला शिरतो तो आडवाट म्हणून. वाट बाजारपेठेच्या तोंडाशी सोडण्याऐवजी शाळेच्या किंवा बसस्थानकाच्या बाजूला सोडली तर तो मोह कमी होतो.

ट्रॉल्यांसाठी कारखान्याशी हंगामाआधी बोला आणि थांबण्याची वेगळी जागा ठरवा. फाट्यावर सायकलवाट दहा मीटर आधीपासून रस्त्याला काटकोनात आणा, आणि तिथे २५ मीटरपर्यंत समोरचे दिसावे म्हणून ऊस, कुंपण, फलक काहीही उभे राहू देऊ नका. रूळ ओलांडतानाही काटकोनच हवा. तिरक्या रुळात चाक सरकते.

कडेच्या उघड्या मुरमावर सराटे उगवतात, त्यांनी रोज पंक्चर होते. फुले येताच, काटे वाळण्याआधी, मीटरभर पट्टा उपटून काढायचा. हे काम पंचायतीच्या वर्षाच्या आराखड्यात नावानिशी लिहून घ्या.

प्रश्न : निपाणी ते कागल वाट शक्य आहे का? मध्ये राज्याची हद्द येते. (वाचक, कोगनोळी)

उत्तर : शक्य आहे. दोन्ही राज्यांची बांधकाम खाती आपापला भाग करतील. तुम्ही एकच नकाशा दोघांना द्या आणि हद्दीवरच्या जोडबिंदूची उंची व रुंदी दोन्ही अर्जांत एकच लिहा. अडचण दूधगंगेवर आहे. पुलावर वेगळी जागा नसेल तर दोन्हीकडची वाट तिथे येऊन थांबेल, म्हणून पुलाचा प्रश्न महामार्ग प्राधिकरणाकडे सगळ्यात आधी मांडा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते. तिथली पूररेषा गावातल्या जाणत्यांकडून भिंतीवर खुणेने दाखवून घ्या, फोटो काढा आणि वाटेची पातळी ठरवताना तो फोटो अर्जाला जोडा.