घट्ट गिअर आणि दुखरा अंगठा : सायकलविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ६४ असून उजव्या अंगठ्याच्या बुडाशी संधिवात आहे. माझ्या सायकलला पुढे ३ आणि मागे ८ चक्रे असून हँडलखाली अंगठ्याने दाबायचे शिफ्टर आहेत. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. पण चढापाशी गिअर हलका करायला गेले की अंगठ्यातून कळ निघते आणि खटका अर्ध्यावरच सोडावा लागतो. सायकल घेऊन बरीच वर्षे झाली. दुकानदार म्हणतो की शिफ्टरमध्ये काही दोष नाही. शिफ्टर बदलून घ्यावेत, की गिअरची सायकल चालवणे आता थांबवावे?

उत्तर : सायकल थांबवू नका, आणि शिफ्टर बदलण्याचीही घाई करू नका. त्रास चढापाशी होतो आणि सायकल जुनी आहे, या तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. नेहमीच्या रचनेत मागच्या डिरेलरमधली (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागातली) स्प्रिंग साखळीला सतत लहान चक्राकडे ढकलत असते. त्यामुळे जड गिअरकडे जाताना काम स्प्रिंगच करते, बोटाने केवळ अडसर मोकळा करायचा असतो. हलक्या गिअरकडे, म्हणजे मागच्या मोठ्या चक्राकडे जाताना मात्र त्या स्प्रिंगविरुद्ध तार ओढावी लागते, आणि हा भार सगळा अंगठ्यावर येतो. नव्या सायकलमध्येही हा विरोध असतोच, परंतु तो बेताचा असतो. जुन्या सायकलमध्ये त्यात भर पडते ती तार आणि तिच्यावरची नळी (मेकॅनिक हिला आउटर म्हणतात) यांच्यातल्या घर्षणाची, आणि हे घर्षण इतक्या सावकाश वाढते की चालवणारा माणूस सायकलऐवजी स्वतःच्या हाताला दोष देऊ लागतो. म्हणून पहिला संशय केबलवर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा संशय खरा आहे की नाही, हे घरीच तपासता येते. कोणाला तरी मागचे चाक उचलून धरायला सांगा, पेडल फिरवत साखळी मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर न्या आणि पेडल थांबवा. आता पेडल अजिबात न फिरवता शिफ्टर एकेक टप्पा सोडत सर्वांत जड गिअरवर आणा. साखळी जागची हलणार नाही, पण केबल सैल पडेल. अशा सैल स्थितीत, तार हाताने किंचित ताणून धरून, खटका पुन्हा दाबून पाहा. तो सहज दबत असेल तर शिफ्टर निर्दोष आहे, आणि तुमच्या दुकानदाराचे म्हणणे त्यापुरते बरोबर आहे. त्यानंतर फ्रेमवरच्या ज्या खाचांत नळीची टोके बसतात, त्यांना चीर असल्यास नळी तिथून अलगद बाहेर काढा आणि तारेवर पुढेमागे सरकवा. चांगली नळी एका बोटाने सरकते. खराब नळी अडखळते, करकरते, आणि तिच्याखालची तार तांबूस किंवा काळपट झालेली दिसते.

मागच्या डिरेलरपाशी नळीचा जो शेवटचा लहान वळसा असतो, तो सर्वांत आधी पाहावा. तो जमिनीच्या जवळ असल्याने चाकावरून उडणारे पाणी आणि चिखल तिथेच शिरतो, आणि बहुतेक सायकलींवर सर्वांत तीव्र वळणही तिथेच असते. वळणांचे घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते, त्यामुळे हँडलपाशी एक आणि मागे एक अशी दोन अवघड वळणे मिळून अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक जोर खाऊन टाकतात. वळसा फार आखूड ठेवला तर नळी मोडल्यासारखी वाकते, फार लांब ठेवला तर विनाकारण फुगते. तार दोन्ही टोकांना सरळ रेषेत आत जाईल एवढीच लांबी योग्य. पेडलच्या आसाखाली, फ्रेमच्या पोटाशी, तार ज्या प्लॅस्टिकच्या पन्हळीतून जाते तिथेही घाण घट्ट बसलेली असते; तीही खरवडून काढावी.

तुमच्या सायकलला माझा पहिला उपाय म्हणून तार आणि नळी दोन्ही एकदम बदलाव्यात. जुन्या नळीत नवी तार घातली तर फायदा अर्धाच मिळतो. तार गुळगुळीत स्टेनलेस स्टीलची, १.१ किंवा १.२ मिलिमीटर जाडीची घ्यावी आणि नळी गिअरसाठीच बनवलेली, आतून प्लॅस्टिकचे अस्तर असलेली असावी. ती बहुधा ४ मिलिमीटर जाडीची असते. एक इशारा इथे द्यायलाच हवा. गिअरच्या नळीतल्या तारा उभ्या, लांबीच्या दिशेने असतात आणि ब्रेकच्या नेहमीच्या नळीतली पट्टी गुंडाळलेली असते, त्यामुळे उरलेली गिअरची नळी ब्रेकला कधीही वापरू नये. जोरात ब्रेक दाबल्यावर ती फाटू शकते. काम मेकॅनिककडून करून घेतलेत तरी दोन गोष्टी आवर्जून सांगा. नळी साध्या पक्कडीने चिरडून न तोडता केबल कटरने तोडावी आणि टोक कानशीने सपाट करावे. आणि तोडताना चेपलेले आतल्या अस्तराचे तोंड टोच्याने पुन्हा गोल करावे. या दुसऱ्या गोष्टीकडे फार जण दुर्लक्ष करतात, आणि मग नवी केबलही पहिल्या दिवसापासून घट्ट चालते. आत जाड ग्रीस भरू नये. ते धूळ धरते आणि कालांतराने चिकट होते.

केबल बदलूनही घट्टपणा उरला, तर साखळी मागच्या सर्वांत लहान चक्रावर असताना डिरेलर हाताने आत ढकलून सोडून पाहा. तो रेंगाळत परतत असेल तर त्याच्या सांध्यांत तेलाचे थेंब सोडा. त्रास फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या चक्रावर जातानाच होत असेल, तर मर्यादा ठरवणारा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळलेला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी जोर लावू नका, स्क्रू नीट बसवून घ्या. काही आधुनिक डिरेलरवर साखळी हिसके देऊ नये म्हणून क्लच बसवलेला असतो आणि तो चालू-बंद करण्याचे छोटे बटण असते. साध्या रस्त्यावर तो बंद ठेवल्यास खटका जाणवण्याइतका हलका होतो.

आता हाताविषयी. चिमटीत एखादी वस्तू दाबताना अंगठ्याच्या टोकावर जेवढा जोर असतो, त्याच्या कित्येक पट भार अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर येतो, आणि तुमचा संधिवात नेमका तिथेच आहे. म्हणून अंगठ्याचे टोक टेकवून खटका ढकलण्याऐवजी अंगठा सरळ ठेवून, त्याच्या मधल्या सांध्याजवळच्या भागाने आणि सगळ्या हाताच्या रेट्याने ढकलावा. खटका त्याच्या बाहेरच्या टोकाशी दाबावा. तो मध्यावर दाबला तर जवळजवळ दुप्पट जोर लागतो. शिफ्टरचा पट्टा अ‍ॅलन कीने सैल करून शिफ्टर थोडा फिरवता आणि सरकवता येतो. मनगट न वाकवता, मूठ न सोडता अंगठा खटक्यावर आपोआप पडेल, अशी जागा शोधण्यासाठी अर्धा तास द्या. या एका गोष्टीने पुष्कळांची निम्मी तक्रार जाते. एका दाबात दोन-तीन गिअर बदलण्याची सोय असली तरी तुम्ही एका वेळी एकच टप्पा घ्या, आणि तो चढ सुरू होण्याआधी घ्या. चढावर पेडलचा जोर असताना साखळी पटकन सरकत नाही आणि खटका पुन्हा दाबण्याची वेळ येते. पुढच्या चक्रांच्या बाबतीत तर पेडल क्षणभर हलके करणे फारच आवश्यक आहे, कारण तिथे ताणलेली साखळीच बाजूला ढकलायची असते.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या दोन्ही हातांची पकड कमजोर झाली आहे. मूठ पिळून गिअर बदलण्याचे शिफ्टर त्यांना सोपे जातील, असे काही जण सांगतात. ते बसवावेत का?

उत्तर : पकडच कमजोर असेल तर बसवू नयेत. पिळण्याच्या शिफ्टरमध्ये अंगठ्याला विश्रांती मिळते हे खरे, परंतु मूठ घट्ट आवळून मनगट फिरवावे लागते, आणि हात घामेजले किंवा हातमोजे घातले की आणखी आवळावे लागते. ज्यांचा केवळ अंगठा दुखतो आणि पकड शाबूत आहे, त्यांना ते उत्तम. तुमच्या वडिलांची स्थिती उलट आहे.

त्यांच्यासाठी मी हँडलच्या वर बसणारा जुन्या पद्धतीचा लांब दांड्याचा शिफ्टर सुचवेन. तो बोटांनी धरावा लागत नाही, तळहाताच्या कडेने पुढे लोटता येतो आणि मागे ओढायला वाकवलेली बोटे पुरतात. यातल्या काही शिफ्टरना टप्पे नसतात, दांडा हवा तिथे थांबतो. तेव्हा साखळीचा आवाज ऐकत गिअर जुळवावा लागतो, ज्याची सवय थोड्या दिवसांत होते. टप्प्यांचा शिफ्टर घेणार असाल तर तो मागच्या चक्रांच्या संख्येशी आणि डिरेलरशी जुळतो का, याची खात्री करून घ्या, कारण एका टप्प्याला किती तार ओढली जाते हे प्रत्येक पद्धतीत वेगळे असते. बिनटप्प्याच्या दांड्याला हे बंधन फारसे नाही.

पुढच्या डिरेलरचा खटका हा सहसा सायकलवरचा सर्वांत जड खटका असतो. तो काढूनच टाकता आला, म्हणजे पुढे एकच चक्र आणि मागे ११ ते ४२ दात्यांसारखी मोठ्या पल्ल्याची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसवता आली, तर डाव्या हाताचे गिअर बदलण्याचे काम संपते. यासाठी डिरेलर आणि शिफ्टरही बहुधा बदलावे लागतात, त्यामुळे खर्चाचा अंदाज आधी घ्यावा.

प्रश्न : मला उजव्या हाताची बोटे जवळजवळ वापरता येत नाहीत, डावा हात ठीक आहे. माझ्यासारख्याला गिअर बदलता येतील अशी काही सोय आहे का?

उत्तर : आहे, आणि तीही एकाहून अधिक. इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये तार ओढायचीच नसते. बटण दाबले की डिरेलरमधली छोटी मोटर साखळी हलवते. शिमानोने ही पद्धत २००९ साली डीआय-२ या नावाने बाजारात आणली, आणि स्रॅमने २०१५ साली ई-टॅप ही बिनतारी पद्धत आणली. तुमच्या दृष्टीने मोठी सोय अशी की, या पद्धतींसाठी जादा बटणे मिळतात आणि ती हँडलवर हाताला सोईच्या ठिकाणी बसवता येतात. पुढे एकच चक्र ठेवल्यास गिअर चढवणे आणि उतरवणे ही दोन्ही कामे डाव्या हाताच्या दोन बटणांवर आणता येतात. मात्र घेण्यापूर्वी बटणांची अशी नेमणूक त्या विशिष्ट मॉडेलमध्ये करता येते का, हे विचारून घ्या. ही पद्धत महाग आहे आणि बॅटरी चार्ज करण्याची आठवण ठेवावी लागते.

कमी खर्चाची आणि हातांना पूर्ण सुट्टी देणारी सोय म्हणजे पेडल किंचित उलटे फिरवून गिअर बदलणारा दोन गिअरचा हब (चाकाचा मधला भाग). स्टर्मी-आर्चरचा असा हब मिळतो; त्यात केबलही नाही आणि शिफ्टरही नाही. दोन गिअरमध्ये साधारण ३८ टक्क्यांचा फरक असतो, म्हणजे सपाट रस्ता आणि सौम्य चढ यांना तो पुरतो, खड्या चढाला नाही. अधिक गिअर हवे असतील तर डाव्या हाताशी बसेल अशा शिफ्टरसह चाकाच्या आत गिअर असलेला ३ ते ८ गिअरचा हब पाहा. त्यात सायकल उभी असतानाही गिअर बदलता येतो, त्यामुळे चालत्या सायकलवर घाई करावी लागत नाही.

गिअरइतकाच ब्रेकचा विचार करा. उजव्या हाताने ब्रेक दाबता येत नसेल, तर दोन्ही चाकांचे ब्रेक एकाच मुठीवर आणणारा दोन तारांचा लिव्हर मिळतो, किंवा पेडल उलटे दाबून लागणारा मागचा ब्रेक घेता येतो. वरच्या दोन गिअरच्या हबमध्ये असा ब्रेक असलेला प्रकारही आहे. तो घेतलात तर डाव्या हाताला फक्त पुढचा ब्रेक सांभाळावा लागेल.