नोकरी गेली आहे, पुढचं काही दिसत नाही. 'देवाची योजना आहे' यावर विश्वास कसा ठेवू?

जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की चार महिने नोकरी नाही, मंडळीत जो भेटतो तो 'देवाची योजना आहे' म्हणतो, तरी रात्री झोप लागत नाही; म्हणजे विश्वास कमी पडतोय का? मी पाळक नाही. पण या दिवसांतून गेलोय.

2020 मध्ये माझं काम सुटलं. घराचा हप्ता, दोन मुलांची फी. भिंतीवर वचनाचं कॅलेंडर होतं आणि त्यावर बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं वचन, 29:11, देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. मी रोज ते वाचायचो आणि मग फोन बघायचो. फोन गप्प. शेवटी चिडून अख्खा अध्याय काढला, तर आदल्याच ओवीत लिहिलेलं, हे सत्तर वर्षांनी होईल! कॅलेंडरवाले ती बरोबर गाळतात. तो अध्याय म्हणजे यिर्मयाचं पत्र, यरुशलेमेहून बाबेलात (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा छातीठोकपणे सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. तो खोटा ठरला. यिर्मया म्हणतो, तिथेच घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा.

मला खरा आधार मिळाला तो 32 व्या अध्यायात. यरुशलेमेला खास्द्यांचा, म्हणजे बाबेलच्या सैन्याचा, वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी चुलतभाऊ हनमेल येतो: अनाथोथचं शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात चाललेली जमीन! पण देवाने सांगितलंय म्हणून यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदार घेतो, मोहोर लावतो आणि आपला लेखक बारूख याच्याकडून ती कागदपत्रं मातीच्या मडक्यात ठेववतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. व्यवहार अगदी तलाठ्यालाही खोट काढता येऊ नये असा.

आणि मग प्रार्थना करतो. सुरुवात, तुला काहीच अवघड नाही. शेवट साधारण असा: नगर तर खास्द्यांच्या हाती चाललंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? देवाच्या सार्वभौमत्वाची कबुली आणि हा प्रश्न, दोन्ही एकाच श्वासात. त्याला कोणी अविश्वासू म्हटलं नाही. तुमची झोप उडाली म्हणून तुम्हालाही कोणी म्हणू नये.

देव सार्वभौम आहे याचा अर्थ मी 'निकाल माझ्या बाजूने लागेल' असा घेत होतो. तिथेच माझं चुकत होतं. केडगावला पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनचा पुढचा भार तिच्यावर यायचा होता. रमाबाई आपल्या मराठी बायबलच्या कामाला लागूनच राहिल्या, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. आता मिशनचं कसं होणार, हे त्यांना कळलं होतं असं मला वाटत नाही.

यिर्मयाने खरेदीखत केलं, तसं पुढचं दिसत नसताना करायचं तुमचं 'खत' काय, ते तुम्हीच बघा. मी घरखर्चाची वही बायकोसमोर उघडली, जे तोवर लाजेने टाळत होतो. रात्रीच्या प्रार्थनेत गोड बोलणं सोडलं. आणि मंडळीत कोणी 'योजना' म्हटलं, की त्यांच्या हातात बायोडाटा द्यायला लागलो. दोघे-तिघे गडबडले. एका काकांनी मात्र तो खरंच पुढे पोचवला; आज मी तिथेच काम करतो. पगार आधीपेक्षा कमी आहे, अजूनही.