जुनं मॉडेल डिझेल इंजिन सुरू होतं पण लगेच बंद पडतं, ट्यूनिंग कसं करू?

तुमची अडचण मला समजली ती अशी: मामांचं ०.७५ सीसीचं, कोलकात्यात बनलेलं 'मिल्स', म्हणजे मॉडेल विमानाचं छोटं इंजिन, आहे. हिवाळ्यात टाकी संपेपर्यंत छान चालायचं. आता बडोद्याच्या मे महिन्यात, त्याच बाटलीतलं इंधन घालून, दहा-पंधरा सेकंद चालतं आणि बंद पडतं. वरचा कॉम्प्रेशनचा दांडा (आवळला की सिलेंडरमधला दाब वाढवणारा स्क्रू) तुम्ही रोज थोडा थोडा आवळत चाललाय.

मीही बडोद्याचाच, दांडिया बाजारात राहतो आणि हीच इंजिनं गच्चीवर चालवतो. माझं ऐका, दांडा सोडा आणि आधी ती बाटली बघा.

या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लगही नसतो. दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेनं इंधन पेटतं. इंधनात ढोबळमानानं एक भाग ईथर, एक भाग रॉकेल आणि एक भाग एरंडेल असतं. ताकद रॉकेलची, वंगण एरंडेलचं, आणि पेट घेण्याचं काम ईथरचं. हे ईथर ३४.६ अंशांनाच उकळतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४० च्या वर असतो. झाकण चार वेळा उघडलं की ईथर उडून जातं. बाटलीत इंधन बरंच दिसतं, पण आत राहतं ते बहुतेक रॉकेल आणि एरंडेल. असं इंधन पेटवायला जास्त दाब लागतो, म्हणून तुम्ही आवळत गेलात. तुमचं इंजिन बिघडलेलं नाही असं मला ठामपणे वाटतं.

ताजं इंधन एखाद्या जाणत्या एरोमॉडेलिंगवाल्याकडून तयार घ्या, घरी मिश्रण करू नका. गडद काचेच्या लहान बाटल्यांत, घट्ट बुचाखाली, सावलीत ठेवा. आणि कळकळीनं सांगतो, घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती आत साचते आणि फ्रिजच्या बटणाची किंवा थर्मोस्टॅटची बारीकशी ठिणगीही तिला पुरते. इंजिन चालवायचं ते उघड्यावर, सकाळी, आसपास देवाचा दिवासुद्धा नको.

आता ट्यूनिंग. दांडा अर्धा फेरा सैल करा. तो हाताला ढिला लागला तर आतला कॉन्ट्रा-पिस्टन (सिलेंडरच्या माथ्यातला, दांडा ज्याला खाली ढकलतो तो तुकडा) अजून खालीच बसलाय असं समजा. तो दांड्याला जोडलेला नसतो. इंधन पेटलं की आतल्या दाबानं तोच वर सरकतो. नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, नेहमीपेक्षा अर्धा फेरा जास्त उघडा. हवेच्या तोंडावर बोट धरून प्रोपेलर दोनदा फिरवा, बोट काढा आणि झटका द्या. प्रोपेलर मध्येच दगडासारखा अडला तर सिलेंडरमध्ये इंधन तुंबलंय. तिथं जोर लावू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. दांडा सैल करून, एक्झॉस्ट खाली करून इंधन बाहेर काढा.

सुरू झालं की अर्धा मिनिट काही करू नका, तापू द्या. मग कान लावा. खरं ट्यूनिंग इथंच आहे आणि मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. बंद पडण्याआधी आवाज चढत गेला, बारीक झाला आणि एकदम तुटला, तर इंधन कमी पडतंय: नीडल उघडा, नळीत कचरा आहे का बघा. उलट आवाज जड झाला, वेग उतरत गेला, इंजिन कण्हल्यासारखं होऊन थांबलं, तर दाब जास्त झालाय. थंड असताना लागलेला दाब गरम झाल्यावर जड जातो, म्हणून दांडा एक अष्टमांश फेरा मागे घ्या. फटफट करत मध्येच पेट घ्यायचं चुकतंय, एक्झॉस्टमधून ओलं इंधन उडतंय, तर दाब कमी किंवा इंधन जास्त.

एका वेळी एकच गोष्ट फिरवायची. आधी नीडल हळूहळू बंद करत वेग वाढवा. चुकायला लागलं की दाब अगदी केसभर वाढवा, चुकणं थांबेल एवढाच. मग पुन्हा नीडल. सगळ्यात जास्त वेग सापडला की नीडल किंचित उघडून तिथंच सोडा. दोन्ही एकदम फिरवलंत तर आवाज कशामुळे बदलला हे कधीच कळणार नाही.

प्रोपेलर ८ बाय ४ चा लावा. छोट्यावर हे इंजिन उगाच पळतं. इंजिन ज्या फळीवर बसवता ती सागवानी असू द्या आणि बोल्ट घट्ट, कारण थरथरीनं टाकीत फेस होतो. चालू प्रोपेलरच्या रेषेत उभं राहायचं नाही, हात नेहमी मागच्या बाजूनं न्यायचा. प्रोपेलरला बारीकशी चीर दिसली तरी तो फेकून द्या.

एरंडेल मात्र कमी करू नका. गुजरातेत पिकणारं हे तेल तापल्यावरही धातूवर टिकून राहतं, म्हणूनच या इंजिनांत ते वापरतात. त्याचा एक त्रास आहे: इंजिन महिनोन्‌महिने पडून राहिलं की ते आत चिकट, लाखेसारखं घट्ट होतं. तेव्हा पक्कड लावू नका आणि पिस्टन-सिलेंडरही उघडू नका. ती जोडी एकमेकांत घासून बसवलेली असते. हेअर ड्रायरनं गरम करा, हातानं हळूच हलवून बघा, सुटतं. पण त्याआधी टाकी आणि सिलेंडर रिकामे आणि कोरडे आहेत ना, ईथरचा वासही उरलेला नाही ना, हे बघून घ्या.