पेपरचं पहिलं पान वर्गात कसं शिकवायचं?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात नववीला मराठी शिकवते. मुलांना दोन-तीन पेपरांची पहिली पानं दिली आणि तुलना करा म्हटलं की घरी जो पेपर येतो तोच चांगला, बाकीचे विकले गेलेत, एवढंच ऐकायला मिळतं. गुण तरी कशावर द्यायचे?

उत्तर : ताई, घरी जे कानावर पडतं तेच मुलं बोलणार. म्हणून आधी मत विचारूच नका, सरळ हातात पट्टी द्या. लीड म्हणजे पानावरची मुख्य बातमी किती कॉलमची, घडीच्या वर म्हणजे पेपर दुमडल्यावर दिसणाऱ्या वरच्या अर्ध्या भागात कोणकोणत्या बातम्या, फोटो कुणाचा, जाहिरातीने किती जागा खाल्ली, हे सगळं सेंटिमीटरमध्ये मोजून वहीत लिहायचं. आकडे समोर आले की 'विकला गेलाय' म्हणणाऱ्यालाही कशावरून ते सांगावं लागतं. पान मात्र छापलेलंच हवं, मोबाईलवर झूम केलं की सिंगल कॉलमची बातमीपण लीडएवढी दिसते.

दिवस साधा निवडा. बरेच जण हौसेने बजेटच्या दुसऱ्या दिवसाचे पेपर घेतात, पण १ फेब्रुवारी २०२५ ला नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स नाही असं जाहीर झालं, मग दुसऱ्या दिवशी लीड काय असणार हे शेंबडं पोरही सांगेल! अशा दिवशी तुलना करायची ती हेडिंगच्या शब्दांची, '१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही' ही माहिती झाली आणि 'मध्यमवर्गाला दिलासा' हे पेपरने काढलेलं मत. बातम्यांची निवड बघायची असेल तर काहीच न घडलेला मंगळवार घ्या, तिथे संपादकाचं डोकं दिसतं.

आणि आवृत्ती एकाच भागाची घ्या हं. एका पेपरची मुंबई आणि दुसऱ्याची सातारा असं झालं तर तुलनाच फसते. लांब जाणारी आवृत्ती लवकर छापायला जाते, त्यात रात्री उशिरा संपलेल्या मॅचचा निकाल नसतो आणि मग मुलं म्हणणार बातमी दाबली.

अख्खं पान जाहिरातीचं असेल तर आत जिथे बातम्या सुरू होतात ते पान धरा, पण जाहिरातीची नोंद करायला लावा. 'पूर्वी असं नव्हतं' असं कुणी म्हणालंच तर सांगा, लंडनच्या 'द टाइम्स'च्या पहिल्या पानावर वर्षानुवर्षं छोट्या जाहिरातीच असायच्या, तिथे बातम्या आल्या ३ मे १९६६ पासून. आपल्या 'द हिंदू'नेही हा बदल १९५८ मध्येच केला.

गुण द्या ते पुराव्याला. प्रत्येक मताखाली 'कशावरून' अशी एक ओळ हवी, ती नसेल तर मत कितीही पटलं तरी शून्य. बातमीत माहिती देणाऱ्याचं नाव आहे की नुसतं 'सूत्रांनी सांगितलं', हे शोधणाऱ्याला माझ्याकडून एक गुण जास्त. तारीख आधीच ठरवून शेजारीपाजारी सांगून ठेवा, नाहीतर पेपर रद्दीत जातात आणि एका तारखेचे तीन मिळता मिळत नाहीत.