ब्रशचं काम टोक करतं, जोर नाही

तुम्ही तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. दातांवर, केसांत किंवा कागदावर ब्रश जोर लावून चालवला तर काम जास्त चांगलं होतं का? चांगला ब्रश कसा ओळखायचा? आणि मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी निसर्गातले ब्रश सांगता येतील का? या तिन्हींच्या मुळाशी माझ्या मते एकच गोष्ट आहे, म्हणून सलगच लिहिते. ब्रश कसलाही असो, खरं काम करतं ते केसाचं टोक. जोर दिला की केस आडवे पडतात, टोकं कामातून जातात आणि उरते ती नुसती घासाघीस.

मी जलरंगात काम करते, तेव्हा आधी कुंचल्याबद्दल. गोल कुंचला पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि आत असतानाच नीट बघा. केस सुटे सुटे, फुललेले दिसतील. आता बाहेर काढा. क्षणात सगळे केस एकत्र येऊन टोक तयार होतं. ओले झाले म्हणून चिकटले, असं पटकन वाटतं. पण ग्लासात होते तेव्हाही ते ओलेच होते की! फरक पडतो तो पाण्याच्या पृष्ठभागामुळे. कुंचला बाहेर आला की केसांच्या जुडीभोवती पाण्याचा पातळ थर उरतो आणि त्याच्या बाहेर हवा असते. पृष्ठताणामुळे हा थर आकसायला बघतो आणि त्या ओढीत केस आत खेचले जातात. म्हणजे टोक आपण काढत नाही, पाणी काढतं. केसाकडे दोनच गुण लागतात: सहज वाकणं आणि वाकून परत सरळ होणं.

प्राण्यांचा केस इथे उपयोगी पडतो, कारण तो मधे किंचित जाड असतो आणि टोकाकडे आपोआप बारीक होत जातो. जलरंगासाठी सगळ्यात नावाजलेला केस कोलिन्स्कीचा. हा सायबेरियाकडचा वीझल कुळातला लहानसा प्राणी, आणि केस घेतात ते त्याच्या शेपटीचे. विन्सर अँड न्यूटन या चित्रकलेचं साहित्य बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा ‘सिरीज ७’ हा प्रसिद्ध कुंचला १८६६ साली राणी व्हिक्टोरियासाठी बनवला गेला, तो याच केसांचा. कारागीर जुडी बांधताना केसांची टोकं कधीही कापत नाहीत. आधी सगळे केस मूळ एकीकडे आणि टोक एकीकडे असे लावून घेतात, छोट्या साच्यात टोकं खाली करून ठोकत ठोकत जुडीला आकार देतात आणि कात्री लावायचीच तर मुळाकडून लावतात. टोक एकदा कापलं की तो केस बारीक रेघेच्या कामातून बाद. केसांची दिशा सांभाळण्यालाही कारण आहे. प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची तोंडं टोकाकडे असतात. उलटसुलट केस एकत्र बांधले तर खवले एकमेकांत अडकतात आणि जुडीचा गुंता होतो.

त्यामुळे कुंचला निवडताना किमतीपेक्षा टोक बघा. नव्या कुंचल्याला आकार टिकावा म्हणून खळ लावलेली असते, ती कोमट पाण्यात धुऊन टाका. मग कुंचला भिजवून एकदा झटका. टोक एकच यायला हवं. दोन फाटे फुटले तर तो घेऊ नका. नंतर ओलं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच वाकवून सोडा. ते लगेच सरळ झालं तर केसात जीव आहे. शिकणाऱ्यासाठी मी बेधडक सिंथेटिक कुंचला सुचवते. आता कृत्रिम तंतूही टोकाला निमुळते केलेले मिळतात, आणि ॲक्रिलिक रंगासाठी तर तेच बरे, कारण तो रंग वाळला की नैसर्गिक केसांची पार वाट लागते. मुंगसाच्या केसांचा कुंचला मात्र कुणी कितीही वाखाणला तरी घेऊ नका. त्यासाठी मुंगसांची शिकार होते, आणि रेघ सुंदर यावी म्हणून एक जीव जावा हे मला कधीच पटणार नाही.

तैलरंगाला अगदी वेगळा केस लागतो. रंग घट्ट, त्यामुळे केस राठ हवा, आणि तो मिळतो डुकराचा. या केसाचं टोक निसर्गतःच दोन-तीन फाट्यांत चिरलेलं असतं, आणि त्या फाट्यांमध्ये रंग धरून राहतो. भिंत रंगवायच्या चांगल्या ब्रशातही हेच असतं. कृत्रिम तंतूंची टोकं तर यंत्रावर मुद्दाम चिरलेली असतात. असा ब्रश रंगात साधारण अर्ध्या केसांपर्यंतच बुडवावा आणि शेवटचा हात नुसत्या टोकांनी, जवळजवळ वजन न देता फिरवावा. भिंतीवर दिसणारे बरेचसे पट्टे दाबून मारलेल्या हातांचे असतात.

चपटा कुंचला आपल्याला इतका ओळखीचा आहे, पण तो सर्रास वापरात आला एकोणिसाव्या शतकात. त्याआधी केस दोऱ्याने बांधत किंवा पक्ष्याच्या पिसाच्या नळीत बसवत, म्हणून कुंचले गोलच असत. केसांभोवती पत्र्याची नळी आली, ती दाबून चपटी करता आली आणि रुंद, चौकोनी फटकाऱ्यांची सोय झाली. चिनी सुलेखनाचा कुंचला मात्र गोलच राहिला. त्यात मऊ बकरीचे, ताठ वीझलचे किंवा दोन्ही मिसळून केस वापरतात. तो कागदावर उभा धरतात आणि अशा बेताने चालवतात की टोक रेषेच्या मधोमध राहावं. दाब जरा वाढला की रेषा जाड, उचलला की बारीक. हा सगळा खेळ अगदी थोड्याशा दाबाचा आहे, आणि तो हाताला कळायला वर्षं जातात.

वापरून झालं की कुंचला पाण्याच्या ग्लासात डोक्यावर उभा ठेवू नका. टोक कायमचं वाकतं आणि पाणी नळीत चढून आतला डिंक सुटतो. साबणाने धुवा, बोटांनी टोक जुळवा आणि आडवा वाळवा. नळीच्या तोंडाशी रंग वाळून बसला तर तो केसांना आतून फाकवत राहतो, म्हणून ती जागा सगळ्यात जपून धुवायची.

आता दात, कारण जोराचा गैरसमज सगळ्यात जास्त इथेच आहे. दातांवर रोज बसतो तो जिवाणूंचा मऊ, चिकट थर. तो काढायला ताकद लागत नाही, टोक तिथवर पोचावं लागतं. तो साचतो नेमका दात आणि हिरडीच्या सांध्यात. म्हणून मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या, हिरडीकडे साधारण ४५ अंशांत तिरका टेकवा आणि जागच्या जागी अगदी थोडा हलवत एकेक दात पुढे जा. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, फ्लोराइड असलेली पेस्ट. शेवटी थुंकून टाका, पण खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. आंबट काही खाल्लं-प्यायलं असेल तर निदान अर्धा तास थांबा, कारण आम्लाने दाताचा वरचा थर तेवढ्यापुरता मऊ झालेला असतो. जोराने आडवं घासत राहिलं तर हिरडी मागे सरते आणि मुळाजवळ दात झिजून खाच पडते. ती खाच भरून येत नाही.

तुमच्या हाताला जोर आहे का, हे ब्रशच सांगतो. तीन-चार महिने चालायला हवा तो ब्रश काही आठवड्यांतच फाकला तर दाब जास्त आहे. मग तो दोनच बोटं आणि अंगठ्यात, पेन्सिलसारखा धरून बघा. मूठ सुटली की जोर आपोआप कमी होतो. कडक केसांचा ब्रश जास्त साफ करतो ही समजूत जुनी आहे. पंधराव्या शतकातल्या चीनमध्ये डुकराच्या राठ केसांचे दातांचे ब्रश होते, आणि १७८० मध्ये इंग्लंडात विल्यम ॲडिसने हाडाच्या दांडीचे ब्रश करायला सुरुवात केली, तेव्हाही केस प्राण्यांचेच होते. १९३८ साली ड्यूपॉन्ट या अमेरिकी रसायन कंपनीच्या नायलॉनचा पहिला दातांचा ब्रश बाजारात आला. सुरुवातीचं नायलॉनही बरंच कडक होतं. मऊ तंतू आले १९५० च्या दशकात. आज चांगल्या ब्रशातल्या प्रत्येक तंतूचं टोक घासून गोल केलेलं असतं, हिरडीला ओरखडा पडू नये म्हणून. विजेच्या ब्रशबद्दल विचाराल तर फायदा आहे: वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात, तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर साध्या ब्रशच्या तुलनेत दातांवरचा थर २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी आढळली. पण साध्या ब्रशनेही दात उत्तम राहतात. दोन दातांच्या फटीत मात्र कुठलाच नेहमीचा ब्रश शिरत नाही, तिथे दोरा किंवा फटीतला बारीक ब्रश लागतोच.

केसांचं थोडक्यात सांगते. विंचरायला खालच्या टोकांपासून सुरुवात करून हळूहळू वर जा. वरून एकदम ओढलं तर सगळा गुंता खाली ढकलला जातो आणि केस तुटतात. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून त्यावर दाट ब्रश नको, रुंद दातांचा कंगवा बरा. रोज केसांवरून शंभर वेळा ब्रश फिरवायची काहीही गरज नाही.

निसर्गातले ब्रश हा माझा सगळ्यात आवडता भाग. पालीपासून सुरुवात करते, कारण टोकाची कमाल तिथे दिसते. टोके गेको या मोठ्या पालीच्या एका पावलाखाली सुमारे ५ लाख सूक्ष्म केस असतात. प्रत्येक केस टोकाला शेकडो फाट्यांत विभागतो, आणि एकेक फाट्याचं टोक मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढं असतं. त्यावर डिंक नसतो, चिकट द्रव नसतो. टोकं पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात की रेणूरेणूंमधलं क्षीण आकर्षण पुरतं. अमेरिकी संशोधक केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एकेका केसाची पकड मोजून दाखवली. आणि तिथेही नुसतं दाबून भागत नाही. पाल पाऊल हलकंच टेकवते, जरासं ओढते, तेव्हा केस धरतात. केसाचा कोन बदलला की लगेच सुटतात.

मांजराची जीभ खरखरीत लागते ती तिच्यावरच्या काट्यांमुळे. प्रत्येक काट्याच्या टोकाशी खोबण असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की त्या खोबणीत लाळ आपोआप ओढली जाते आणि केसांच्या मुळाशी, पार कातडीपर्यंत पोचवली जाते. कुंचल्यात पाणी चढतं ते पृष्ठताणामुळे, आणि इथेही कारण तेच.

मधमाशीच्या अंगावर सुमारे ३० लाख केस असतात. ती फुलातून बाहेर पडते तेव्हा परागात माखलेली असते, आणि मग पायांवरच्या दाट केसांनी डोळे, डोकं, अंग झाडून पराग मागच्या पायांवरच्या टोपलीत भरते. पुढच्या पायाला एक केसाळ खाच असते, तिच्यातून ती स्पर्शिका ओढून साफ करते. मधमाशी फुलावर थांबली की हे नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. फुलाकडेही स्वतःचा ब्रश असतो. सूर्यफुलाच्या प्रत्येक छोट्या फुलात परागकोश जुळून नळी झालेली असते, आणि परागवाहिनी वर वाढताना आपल्या केसांनी नळीतला पराग बाहेर ढकलत येते. लोरीकीट पोपटांच्या जिभेच्या टोकाला तर मऊ तंतूंचा झुपकाच असतो; तो उघडून ते फुलातला मध टिपतात.

मुलीच्या प्रकल्पासाठी नुसती चित्रं चिकटवण्यापेक्षा दोन-तीन गोष्टी करून दाखवता येतील. पाण्यातला आणि पाण्याबाहेरचा कुंचला, दोन फोटो शेजारी शेजारी. नवा आणि फाकलेला दातांचा ब्रश भिंगातून बघून काढलेली टोकांची चित्रं. आणि सूर्यफूल मिळालं तर एक छोटं फूल उभं चिरून, भिंगाखाली नळीतून वर आलेला परागाचा पिवळा ढीग. सूर्यफुलात बाहेरच्या कडेची फुलं आधी उमलतात आणि आतली नंतर, म्हणून कडेपासून मध्याकडे एकेक फूल काढून ओळीने मांडलं तर पराग बाहेर येण्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच सूर्यफुलात मिळतील.