रोहित्रावरचा फ्यूज कोणी बसवावा?

प्रश्न : आमच्या शिवारातील १०० केव्हीए क्षमतेच्या डीपीवरचा (रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा) डीओ फ्यूज, म्हणजे उच्चदाब बाजूचा, उडाल्यावर खाली लोंबणारा फ्यूज, वारंवार उडतो. वायरमन येईपर्यंत पिकाचे पाणी थांबते, म्हणून गावातील एक जाणकार एबी स्विच (दांडा ओढून उच्चदाब तारा तोडणारा खांबावरचा स्विच) पाडून स्वतःच तांब्याची तार बांधतो. हे कितपत सुरक्षित आहे?

उत्तर : हे अजिबात सुरक्षित नाही, आणि त्या माणसाला आजच थांबवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. एबी स्विचचे एखादे पाते अडकून राहिले, तर दांडा खाली आलेला असूनही त्या फेजमध्ये ११,००० व्होल्टच्या वाहिनीचा दाब कायम असतो. शिवाय कोणाच्या जनरेटरमधून उलटा आलेला प्रवाह रोहित्रातून पुन्हा उच्चदाब होऊन वर पोहोचू शकतो. म्हणूनच अधिकृत कर्मचारी आधी उपकेंद्राकडून परमिट (वाहिनी बंद ठेवून काम करण्याची परवानगी) घेतो, सर्व पाती उघडल्याची खात्री करतो, दाब नसल्याचे तपासतो, डिस्चार्ज रॉडने तिन्ही तारा जमिनीशी जोडतो आणि मगच खांबावर चढतो.

तारेचा मुद्दाही तितकाच गंभीर आहे. या रोहित्राचा उच्चदाब बाजूचा पूर्णभार प्रवाह जेमतेम सव्वापाच अँपिअर असल्याने जाड तार दोषाच्या वेळी लवकर वितळत नाही आणि रोहित्रच जळते. योग्य क्षमतेचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर अतिभार, तारांना टेकणाऱ्या फांद्या किंवा रोहित्रातील बिघाड यांची तपासणी व्हावी, यासाठी १९१२ वर तक्रार नोंदवा.