रविवारची १२:०५ ची तुतारी एक्सप्रेस शनिवारी रात्रीच निघून जाते

कुडाळहून नेरूळच्या स्टेडियमवर गाण्यांच्या शोला यायचं म्हणून तुम्ही इथे पोस्ट टाकून तीन गोष्टी विचारल्यात: मुक्काम दादरला करावा की नेरूळला, स्टेडियममध्ये सॅक नेता येते का, आणि दोन दिवसांत मुंबई किती बघून होईल. तिन्हींकडे येतो. पण आधी जे विचारलं नाहीत त्याबद्दल, कारण पोस्टमधली शेवटची ओळ वाचून पोटात गोळा आला. "रविवारी १८ ला संध्याकाळी नेरूळला शो, परतीची तुतारी कन्फर्म आहे, दादरहून १८ तारीख, रात्री १२:०५."

ही गाडी तुमचा शो सुरू होण्याच्या एकोणीस तास आधी जाणार आहे.

१८ तारखेचे १२:०५ म्हणजे शनिवारची रात्र संपून रविवार लागल्यावरची पाच मिनिटं. त्या वेळी तुम्ही दोघी बहिणी मुंबई फिरून दमून झोपलेल्या असाल. तुम्हाला हवी आहे ती गाडी १९ तारखेची, सोमवारची. आपण बोलताना झोपेपर्यंतचा वेळ "आजची रात्र" म्हणतो, रेल्वेची तारीख मात्र बाराच्या ठोक्याला बदलते. तिकिटावर "डिपार्चर" या शब्दापुढे वेळ आणि तारीख शेजारी शेजारी छापलेली असते. आपण वेळ वाचतो, तारीख "बरोबर असणारच" म्हणून सोडून देतो.

मला सगळ्यात महागात पडलेली चूक हीच, म्हणून एवढा जीव तोडून लिहितोय. दोन पूर्ण तिकिटं पाण्यात, वर तत्काळचे पैसे आणि एक रजा. पैशापेक्षा जास्त डोकं फिरवलं ते एका स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीने. स्टेशनचं नाव घेत नाही. चौकशीवाला म्हणे आरक्षणाकडे जा, आरक्षणवाला म्हणे रात्री खिडकी बंद, ऑनलाइन बघा, आणि तिसऱ्याने तिकीट न बघताच टीडीआर (प्रवास न झालेल्या तिकिटाचे पैसे परत मागायचा अर्ज) भरा म्हणून सांगितलं. टीडीआर भरून काहीही मिळत नाही. गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट झाली आणि तुम्ही प्रवास केला नाहीत, तर त्याचा उपयोग. गाडी वेळेवर गेली आणि आपणच नव्हतो, तर रेल्वेच्या लेखी चूक आपली. नियम म्हणून ते बरोबरच आहे, पण तिघांपैकी एकाने तरी ते तोंडावर सांगायला काय हरकत होती?

आता करायचं काय. आधी १९ तारखेचं नवं तिकीट काढा, ते हातात आल्यावरच १८ चं रद्द करा. उलट क्रमाने केलंत आणि मधे १९ चं वेटिंगवर गेलं, तर दोन्हीकडून गेलात. रद्द करायला उशीरही नको. गाडीची वेळ जवळ येते तशी कपात वाढत जाते आणि पक्क्या तिकिटाचं शेवटच्या काही तासांत काहीच परत मिळत नाही.

नवं तिकीट दादर ते कुडाळच ठेवा, पण बोर्डिंग (गाडीत चढायचं स्टेशन) पनवेल करा. नेरूळहून दादरला जायचं म्हणजे आधी हार्बरने कुर्ल्यापर्यंत उलटं, तिथे गाडी बदलून सेंट्रलने पुढे, आणि मग तुतारीत बसून पुन्हा ठाण्यावरून पनवेललाच यायचं. नेरूळ ते पनवेल लोकलने पंचवीसेक मिनिटं लागतात. तुतारी पनवेलला एक-सव्वाच्या सुमारास येते (नक्की वेळ त्या आठवड्यात बघून घ्या, मी अंदाजे सांगतोय).

"मग सरळ पनवेल ते कुडाळच काढते की" असं म्हणाल. काढू नका. जिथून गाडी सुटते तिथून काढलेल्या तिकिटाचं वेटिंग जीएनडब्ल्यूएल असतं आणि ते सर्वात आधी सरकतं. मधल्या स्टेशनवरून काढलं की बहुतेक वेळा पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल मिळतं. त्यांचा कोटा लहान आणि सरकायची गती गोगलगाईची. भाड्यात फरक किरकोळ. बोर्डिंग स्टेशन तिकीट काढतानाच निवडता येतं, नंतरही बदलता येतं. मात्र एकदा पनवेल केलंत की दादरहून चढायचा हक्क गेला, शो रद्द झाला तरी. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात आणि गाडीत चढता येत नाही.

तुतारीऐवजी कोकणकन्या एक्सप्रेस सुचवणारे पण भेटतील. सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं असेल तर ती बरी, कारण ती कुडाळला सकाळीच सोडते आणि तुतारी बरीच उशिरा पोचते. पण तारखेचा घोळ तिथे दुप्पट आहे. कोकणकन्या सीएसएमटीहून १८ ला २३:०५ ला सुटते आणि पनवेलला पोचते तेव्हा १९ तारीख लागलेली असते, साडेबाराच्या आत-बाहेर. सीएसएमटीहून तिकीट काढून बोर्डिंग पनवेल केलंत तर शोधायची तारीख १८. थेट पनवेलहून शोधलंत तर १९. गाडी एकच, डबाही एकच, तारखा मात्र दोन. तत्काळ आणखी वेगळं, कारण ते गाडी मूळ स्टेशनवरून सुटते त्या तारखेच्या आदल्या दिवशी उघडतं. म्हणजे या कोकणकन्येचं १७ ला सकाळी आणि १९ च्या तुतारीचं १८ ला सकाळी. एसीसाठी दहाला, स्लीपरसाठी अकराला. पनवेलची १९ तारीख धरून कोकणकन्येच्या तत्काळसाठी १८ ला सकाळी मोबाइल घेऊन बसणारे हमखास एक दिवस उशिरा बसतात. ऑनलाइन तत्काळला जुलै २०२५ पासून खातं आधारशी जोडलेलं लागतं. ते आजच करून ठेवा. दहाला पाच मिनिटं असताना ओटीपी येत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

माझं मत तुतारीकडे, अर्धी रजा टाका. उघड्यावरचे मोठे शो रात्री दहाला आवरतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि बारापर्यंतची सूट सरकार वर्षातले मोजके दिवसच देतं. दहाला संपलं की पुढचा हिशोब असा: स्टँडिंगमधून गेटबाहेर पडायला पाऊण तास धरा. स्टेशनपर्यंत चालत अर्धा तास, कारण त्या वेळी रिक्षा मिळत नाही आणि मिळाली तर जे भाडं सांगतील त्यात तुमचं पनवेलचं जेवण होईल. पुलावरची गर्दी आणि एखादी सोडून दिलेली लोकल यात वीस मिनिटं. लोकल पंचवीस मिनिटं. म्हणजे पनवेलला बाराच्या सुमारास पोचलात. तिथे लोकलचे आणि लांबच्या गाड्यांचे फलाट वेगळे, मधे पूल. कोकणकन्येसाठी हातात उरतात वीस-पंचवीस मिनिटं, त्यात काहीही एक बिनसलं की संपलं. तुतारीसाठी तास सव्वा तास मिळतो, पाय पसरून बसता येतं. कोकणकन्या धरायचीच असेल तर शेवटची दोन गाणी सोडून निघावं लागेल आणि ती दोन गाणीच ऐकायला माणूस कुडाळहून येतो.

चालायची तयारी असेल तर परतताना नेरूळऐवजी जुईनगर धरा. पनवेलकडे जाणाऱ्या लोकलला ते नेरूळच्या आधीचं स्टेशन. स्टेडियमपासून दोन्ही साधारण दोनेक किलोमीटरवर. लोंढा नेरूळला जातो आणि तुम्ही त्याच गाडीत आधीच आत असता.

मुक्कामाचं आता सोपं झालं. दादर नको. शो असलेल्या आठवड्यात नेरूळ, सीवूड्स, बेलापूरचे दर चढतात. खारघर किंवा पनवेल बघा. परतीची गाडीही तिथलीच. हॉटेलला बुकिंग करतानाच दोन गोष्टी फोनवर विचारा: चेकआउट बाराचं की चोवीस तासांचं, आणि चेकआउटनंतर रात्री बारापर्यंत सामान ठेवाल का. दुसऱ्याचं उत्तर "हो हो, बघू" असं आलं तर दुसरं हॉटेल बघा. रविवारी पनवेलहून निघताना नेरूळचं रिटर्न तिकीटच काढा, रात्री खिडकीवरची रांग वाचते.

सॅक चालणार नाही. आयोजक तिकिटाबरोबर काय चालतं-काय नाही याची यादी पाठवतात ती वाचा. बहुतेक ठिकाणी मोठी बॅग, पाण्याची बाटली, घरचं खाणं गेटवरच काढून घेतात आणि पॉवर बँकेबद्दल प्रत्येकाचं वेगळं. "गेटवर ठेवायची सोय असेल" या भरवशावर राहू नका. स्टेशनवरची क्लोक रूम हा पर्याय आहे, पण ती प्रत्येक स्टेशनवर नसते, गाडीचं तिकीट दाखवावं लागतं आणि कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. चेन असलेली सॅक असेल तर दोन्ही चेनी अडकतील असं छोटं कुलूप कुडाळच्या बाजारातूनच घ्या. तिकिटाचा क्यूआर गेटवर उघडत बसू नका. हजारो माणसं एका जागी जमली की नेटवर्क मरतं. वाटेत असतानाच अ‍ॅपमध्ये तिकीट उघडून ठेवा, आणि दोघींची तिकिटं एकाच फोनवर असतील तर एक बहिणीकडे ट्रान्सफर करा. बॅटरी संपली म्हणून दोघी बाहेर, असं नको.

मुंबई बघायची ती शनिवारी. रविवारी फोर्ट-कुलाब्याकडे जाऊ नका. हार्बर लाइनवर रविवारी मेगाब्लॉक वारंवार असतो, बहुधा अकरापासून दुपारी चारपर्यंत. म्हणजे नेमका तुम्ही नेरूळला परतण्याचा वेळ. ब्लॉक कुठे आहे ते एक-दोन दिवस आधी जाहीर होतं. कुर्ला-वाशी पट्टा बंद असेल तर ठाण्यावरून ट्रान्सहार्बरने येता येतं, पण त्या गाडीत मग सगळी मुंबई असते. शनिवारी पहाटे उतरून थेट फोर्ट, राणीची बाग किंवा संग्रहालय यातलं एकच काहीतरी निवांत बघा. चार ठिकाणं टिपायला गेलात तर रविवारी स्टँडिंगमध्ये पाच-सहा तास उभं राहायला पाय उरणार नाहीत.

जाताना तिकीट मिळेल, फार काळजी नको. चाकरमानी शुक्रवारी रात्री गावाकडे येतात आणि रविवारी रात्री मुंबईला परततात, तुमची दिशा नेमकी उलटी. अपवाद डिसेंबर-जानेवारीचा, तेव्हा गोव्याची गर्दी दोन्ही बाजूंनी असते. आणि शिमग्याच्या आठवड्यात तर शो फुकट असला तरी मी जाणार नाही.

एसटी आणि खासगी गाडीबद्दल कुणी सांगेल. सांगू दे. महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, त्यावर सोमवारचं ऑफिस टांगू नका. आणि समजा सगळं फसून गाडी सुटलीच, तर रात्री खासगी बसवाल्यांशी घासाघीस करण्यापेक्षा पनवेललाच थांबा. सकाळी सातच्या सुमारास दिवा-सावंतवाडी येते, जनरलचं तिकीट खिडकीवर मिळतं, कुडाळला संध्याकाळ होते. कूर्मगती आहे, पण पोचवते. 

कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानातून घ्या, बहिणीसाठी पण. ८५ डेसिबल आठ तास सोसतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशोबाने १०० ला पंधरा मिनिटं, आणि स्पीकरच्या पुढ्यात आवाज त्याहून कमी नसतो. बोळा आधी बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, मग आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नुसता टोकाला अडकवला तर तो काही कामाचा नाही. गाणं तरीही ऐकू येतं.

वरच्या गाड्यांच्या वेळा मी बिगरपावसाळी वेळापत्रकाच्या धरल्यात. तुमच्या १८ तारखेला पावसाळी वेळापत्रक चालू असेल तर कुडाळहून सुटायच्या आणि पोचायच्या वेळा बदलतात. मी रेल्वेचा माणूस नाही, नियम मधेच बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी स्वतः बघा. आणि ते १८ चं तिकीट आज रात्री जेवायच्या आधी उघडा. नवं निघालं की इथे सांगा. वेटिंग आलं तर आकडा आणि त्याच्या पुढची अक्षरं दोन्ही लिहा, नुसत्या आकड्यावरून काही सांगता येत नाही.